खाच पाडायला कुठलं मशीन घ्यावं?

वाचक विचारतात : सुतारकाम

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढं. शेती आहे, आणि जोडीला मी सातेरी माश्यांच्या मधपेट्या करतो. ओळखीचे लोक देव्हारे आणि लहान ड्रॉवरही मागतात. या सगळ्यात खाच पाडायचं काम फार. आजवर पटाशीनं आणि गावातल्या मिस्त्रींच्या टेबलावर भागवलं. त्यांनी चार इंची मार्बल कटर प्लायच्या खाली उलटा बांधलाय. आता स्वतःचं लहान टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं मशीन, घ्यायचं आहे. बेळगावात एक दुकानदार जास्त वॅटचं घ्या म्हणतो, दुसरा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टेबलाचं लोकल मशीन दाखवतो. व्हिडिओत एका दमात रुंद खाच पाडणारा पात्यांचा संच दिसतो, तो आपल्या मशीनला बसेल का? घरी सिंगल फेज आहे. बजेट पन्नास हजारांच्या आत.
– एक वाचक, नंदगड परिसर

उत्तर : तुमच्या प्रश्नातला कामाचा शब्द ‘खाच’ हा आहे, त्यामुळे सगळं उत्तर त्याच्या अंगानं देतो. नुसत्या फळ्या चिरायच्या असत्या तर बरंच काही चालून गेलं असतं. खाचेला तसं चालत नाही.

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत पॅटर्न शॉपमध्ये गेलं. फाउंड्रीत बीड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो आम्ही करायचो. बीड थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवायचा. त्यात अर्ध्या मिलिमीटरची गफलत झाली तर ती पुढच्या प्रत्येक ओतकामात उतरते. त्यामुळे मशीन बघायला गेलो की माझा हात आधी फेन्सवर, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची त्या पट्टीवर, जातो. मोटरच्या पाटीकडे मी नंतर बघतो. तुम्हीही तसंच करा.

पण त्याच्याही आधी बघायची एक गोष्ट आहे. खाच म्हणजे आरपार न जाणारा काप. पातं लाकडाच्या पोटात राहतं आणि फळी त्याच्या डोक्यावरून सरकते. बऱ्याच स्वस्त मशीनमध्ये पात्याच्या मागं जो उभा पत्रा असतो तो पात्यापेक्षा उंच असतो, कारण वरचं झाकण त्यालाच धरलेलं असतं. फळी चिरताना तो ठीक. खाच पाडताना मात्र फळी त्याला अडते, म्हणून माणूस तो काढून बाजूला ठेवतो आणि मग पात्याच्या मागं काहीच उरत नाही. पात्याचे पुढचे दात खाली जातात, मागचे वर येतात. फळी फेन्सपासून जराशी सुटून तिरकी झाली की त्या मागच्या दातांवर चढते आणि थेट तुमच्या पोटाच्या दिशेनं येते. बोटं जातात ती अनेकदा अशा वेळी, कारण फळी उडाली की तिच्यावरचा हात पात्यावर पडतो.

यावरचा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ. हे पान पात्याच्या टोकापेक्षा थोडं खाली असतं आणि पातं वर-खाली केलं की त्याच्याबरोबर वर-खाली होतं. खाचेतून ते आरामात जातं, काढावं लागत नाही. काही मशीनमध्ये ते दोन जागी अडकवता येतं : झाकण लावायचं असेल तेव्हा वर, खाच पाडायची असेल तेव्हा खाली. दुकानात गेल्यावर सरळ सांगा, ‘झाकण काढा, पातं पाव इंच वर ठेवा आणि मागचं पान पात्याच्या खाली जातंय का ते दाखवा.’ जात नसेल तर ते मशीन कितीही वॅटचं असो, तुमच्या कामाचं नाही. माझ्या मते एवढ्यावरच निर्णय निम्मा होऊन जातो.

आता फेन्स. सोबत स्टीलची पट्टी आणि गुण्या न्या. टेबलावर जी लांब चर असते, जिच्यात आडव्या कापाची पट्टी सरकते, तिच्यापासून फेन्सपर्यंतचं अंतर पुढं मोजा आणि मागं मोजा. दोन्ही सारखं आलं पाहिजे. मागं केसभर जास्त असेल तर चालेल, कमी असेल तर अजिबात चालणार नाही, कारण मग फळी पात्यावर दाबली जाते. फेन्स लॉक करा आणि तिचं लांबचं टोक अंगठ्यानं ढकला. हललं तर खाच सरळ येणार नाही. मग पात्याच्या एका दातावर पेन्सिलनं खूण करा. तोच दात पुढं आणून चरीपासूनचं अंतर मोजा, पातं हातानं फिरवून तोच दात मागं नेऊन पुन्हा मोजा. हे करताना प्लग काढलेला असावा, दुकानातसुद्धा. डीवॉल्टच्या लहान टेबल सॉला दात्यांच्या पट्टीवर चालणारी फेन्स येते, ती पुढं-मागं दोन्हीकडे एकदम सरकते म्हणून समांतर राहते. बॉश आणि मकिता यांचीही दहा इंची मशीनं मिळतात, पण नाव बघून पैसे देऊ नका. समोर ठेवलेलं मशीन मोजा.

उंचीचं चाक फिरवून बघा. खाचेची खोली त्याच्यावर अवलंबून. पातं नेहमी खालून वर आणत मापाला थांबवायचं. वर गेलं तर पुन्हा खाली घेऊन वर यायचं, म्हणजे आट्यांतली ढिलाई निघून जाते आणि काम चालू असताना पातं खचत नाही. पात्याभोवतीची काढता येणारी पट्टी टेबलाच्या अगदी सपाटीत हवी. ती खाली बसलेली असेल तर फळीचं टोक तिथं बुडतं आणि खाच एका बाजूला उथळ, दुसऱ्या बाजूला खोल होते. ही पट्टी पुढं प्लायची स्वतः करून घ्या, पात्यालगत जागा न सोडता. खाचेच्या कडा फुटत नाहीत.

व्हिडिओतल्या रुंद खाचेच्या संचाबद्दल. तो अमेरिकेत चालतो. बहुधा आठ इंची असतो, दोन बाहेरची पाती आणि मध्ये जाड तुकडे. त्याला लांब शाफ्ट लागतो. आपल्या बाजारात येणारी लहान मशीनं बहुतेक युरोपीय घाटाची, शाफ्ट आखूड, पात्याचं भोक बहुधा ३० मिलिमीटरचं. त्यांना तो संच बसत नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून साधी दोन-तीन पाती एकावर एक चढवू नका. दात एकमेकांवर आदळतात आणि नटला पूर्ण आटे मिळत नाहीत. तिरकं बसवून डुलणारं पातंही नको, त्याची खाच तळाशी गोल येते.

पण तुम्हाला त्या संचाची गरजच नाही. दहा इंची पूर्ण जाडीच्या पात्याचा काप साधारण ३.२ मिलिमीटर येतो, म्हणजे आपलं एक सूत. मधपेटीतल्या चौकटीच्या वरच्या दांड्यात मेणपत्रा (माश्या ज्यावर पोळं बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा) बसवायला जी खाच लागते, ती एका फेरीत झाली! पातळ पातं घेतलंत तर काप २.४ च्या आसपास येतो. वीज कमी लागते, लाकूड वाचतं, पण ते पातं डुलतं लवकर. खाचेसाठी मी जाडच घेईन.

ड्रॉवरच्या तळाला सहा मिलिमीटरचा प्लाय लागतो, आणि तो अनेकदा पूर्ण सहा भरत नाही. म्हणून आधी हातातला तुकडा मोजायचा. समजा ५.४ निघाला. खाच ५.६ ची हवी. इथं सनमायका कामाला येतो. ०.८ मिलिमीटरचे तीन लांब तुकडे घ्या, एकत्र २.४ झाले. ते फेन्स आणि फळीच्या मध्ये ठेवून पहिली फेरी मारा. मग तुकडे काढून फेन्स न हलवता दुसरी फेरी मारा. ३.२ अधिक २.४ म्हणजे ५.६. फेन्सला हात लागला नाही, म्हणून चारही फळ्यांना खाच एकसारखी येते. बाद फळीवर आधी करून बघा, प्लाय हातानं सरकला पाहिजे आणि उलटं धरल्यावर पडला नाही पाहिजे. पॅटर्न शॉपमध्ये आम्ही असेच पातळ तुकडे डब्यात जपून ठेवायचो, जाडी लिहून. तुम्हीही एक डबा करा.

फळीच्या कडेला बरोबर मध्यावर खाच हवी असेल तर आणखी सोपं. एक फेरी मारा, फळीचं तोंड फिरवून दुसरी बाजू फेन्सला लावा, दुसरी फेरी मारा. खाच आपोआप मध्यावर येते.

पातं निवडताना दातांचा माथा बघा. एक दात डावीकडे, एक उजवीकडे उतरता असेल तर काप स्वच्छ येतो, पण खाचेच्या तळाला दोन्ही कोपऱ्यांत बारीक रेघा राहतात. सपाट माथ्याचे चोवीस दात असलेलं चिरायचं पातं तळ सपाट ठेवतं. ड्रॉवरच्या तळात त्या रेघा कुणाला दिसत नाहीत, देव्हाऱ्याच्या दर्शनी कडेला दिसतात. कार्बाइड टोकाचंच घ्या. सागवानात सिलिका असते, साध्या पोलादाची धार ती बघता बघता खाते. भोकाचं माप मशीनशी जुळतंय का आणि पात्यावर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत का, हे दोन्ही दुकानातच बघा.

आता मधपेट्या, कारण तुमचं खरं काम ते. चौकटीचे कान, म्हणजे वरच्या दांड्याची बाहेर आलेली टोकं, ज्या पायरीवर बसतात ती पायरी दोन कापांत होते. पहिला काप फळी आडवी ठेवून, दुसरा फळी कडेवर उभी करून. दुसऱ्या कापात सुटणारी लाकडाची काडी पाते आणि फेन्स यांच्या मध्ये अडकू देऊ नका, बाहेरच्या बाजूला सुटेल असं मांडा. मध्ये अडकली तर ती बाणासारखी मागं सुटते. त्या वेळी पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. फळी उभी धरायची म्हणून फेन्सला प्लायची उंच पाठ लावून घ्या. या पायरीचं माप नेमकं लागतं. लँगस्ट्रॉथनी १८५१ मध्ये दाखवून दिलं की माशीला ये-जा करायला ठरावीक फट ठेवली तर ती तिथं पोळं बांधत नाही आणि चौकट सुटी उचलता येते. युरोपीय माशीसाठी ती फट जवळपास तीन सूत, आपल्या सातेरीला थोडी कमी. पायरी खोल-उथळ झाली की ही फट बिघडते, आणि चौकट काढताना पोळं फाटतं.

वरच्या दांड्यांना खाच पाडताना सुटे दांडे मशीनवर नेऊ नका. एवढी अरुंद पट्टी पात्यावर धरणं म्हणजे बोटं पणाला लावणं. दांड्याची रुंदी जितकी तितक्या जाडीची लांब फळी घ्या. ती कडेवर उभी करून कडेच्या मध्यावर एक सूत खाच पाडा. मग फळी आडवी ठेवून तेवढी कड दांड्याच्या जाडीनं चिरून काढा. दांडा खाचेसकट सुटा होतो. पुन्हा कडेला रंधा मारा आणि तेच करा. हात कायम रुंद फळीवर, पात्यापासून लांब.

वॅटचं थोडक्यात. पाव इंच खोल खाचेला फार ताकद लागत नाही. १५०० ते १८०० वॅट तुम्हाला पुरे. १८०० वॅटचं मशीन २३० व्होल्टवर आठ अँपियरच्या आसपास घेतं, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून मोठ्या पिनचा सोळा अँपियरचा सॉकेट आणि लांब वायर न्यायची असेल तर अडीच स्क्वेअरची तांब्याची. करंट कमी दाबानं येत असेल तेव्हा काम थांबवा. फेरे पडतात, लाकूड जळतं, मोटर तापते. इन्व्हर्टरवर चालवू नका.

लोकल बिडाच्या टेबलाला मी नाव ठेवणार नाही. बेळगाव हे ओतकामाचं गाव आहे. जड टेबल, पट्ट्यावर चालणारी इंडक्शन मोटर, आवाज कमी, थरथर नाही. खाच सुंदर येते. अडचण एवढीच की बहुतेकांना रायव्हिंग नाइफ नसतो आणि फेन्स म्हणजे सी-क्लॅम्पनं धरलेला अँगल असतो. ते घ्यायचं तर करणाऱ्याला आधीच सांगा, पान बसवून दे. पानाची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त आणि कापापेक्षा कमी हवी. अंग २.२ आणि काप ३.२ असेल तर अडीचचा पत्रा चालतो. दातांपासून अंतर ३ ते ८ मिलिमीटर, आणि पातं वर-खाली झालं की पानही झालं पाहिजे. त्या मशीनमध्ये पात्याऐवजी टेबल वर-खाली होत असेल तर हे उलट सोपं, फक्त पान टेबलाला न धरता पात्याच्या शाफ्टच्या सांगाड्याला धरलेलं हवं. शिवाय तुमच्या भागातला पाऊस बघता बिडाला गंज येणार. तेल लावू नका, लाकडाला डाग पडतात. टर्पेंटाइनमध्ये मेण विरघळवून पातळ हात द्या आणि कोरड्या फडक्यानं घासून काढा. मेण तर तुमच्या घरचंच आहे.

पावसावरून आठवलं. देव्हाऱ्याच्या दारात भरीव लाकडाची फळी खाचेत बसवणार असाल तर ती गोंदानं चिकटवू नका आणि रुंदीत जागा सोडा. मेमध्ये घट्ट बसवलेली फळी जुलैत फुगते आणि चौकटीचे सांधे उघडते. प्लायला ही भीती फारशी नाही.

उलट्या कटरबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. चार इंची कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो. तो हातात धरून दगड आणि फरशी कापायला केलेला आहे. उलटा बांधला की झाकण गेलं, मागचं पान मुळातच नाही, आणि बटण टेबलाखाली, तेही दाबून लॉक केलेलं. हात अडकला तर बंद कोण करणार? तुमचे मिस्त्री कसबी असतील, माझी त्यांच्याशी काही तक्रार नाही. पण त्या टेबलावर तुम्ही खाच पाडू नये, आणि त्यांनाही हे वाचून दाखवावं.

तर माझं सांगणं : दहा इंची, सिंगल फेज, खाली जाणारं रायव्हिंग नाइफ, समांतर लॉक होणारी फेन्स. पैसे उरले तर चांगलं पातं आणि एक लहान ट्रिमर (फिरत्या बिटानं खाच पाडणारं, हातात धरायचं मशीन), सहा मिलिमीटरच्या सरळ बिटासकट. ड्रॉवरच्या दर्शनी फळीत खाच टोकापर्यंत न नेता मध्येच थांबवायची असते, ते काम टेबल सॉवर करू नये. ट्रिमरनं ते सुरक्षित होतं.

प्रश्न : सागवानात खाच पाडताना कडा काळ्या पडतात. पातं नवीन आहे. काय चुकतं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : फळी फार हळू ढकलताय किंवा फेन्स मागच्या बाजूला आत वळली आहे. वर सांगितलेलं माप घेऊन बघा. दोन्ही ठीक असेल तर पातं काढून त्याच्या दातांच्या बगला बघा. सागवानाचा चीक तिथं बसतो आणि नवीन पातंही बोथट असल्यासारखं वागतं. रॉकेलमध्ये थोडा वेळ ठेवून जुन्या टूथब्रशनं साफ करा, कोरडं पुसा, मगच चढवा. तारेचा ब्रश कार्बाइडच्या टोकांवर नको.

प्रश्न : दादा, माझा मुलगा फर्निचरच्या दुकानात टेबल-मशीनवर शिकायला जातो. मी त्याला जाड हातमोजे घेऊन देणार आहे. कुठले घेऊ?
– एक आई, येळ्ळूर

उत्तर : ताई, हातमोजे घेऊ नका. फिरत्या पात्याजवळ मोज्याचा धागा जरी दातात गेला तरी तो हाताला आत ओढून नेतो. मनगटातलं कडं, दोरा, लांब बाही आणि गळ्यातला पंचाही मशीनपुढं नको. त्याच पैशांत तीन गोष्टी घ्या : चांगला चष्मा, कानाला लावायचे मफ आणि एन-९५ मास्क. लाकडाची भुकटी माणसात कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे, म्हणून मास्क रोज हवा, रुमाल बांधून भागत नाही.

आणि त्याला लाकूड ढकलायची काठी घरीच करून द्या. हातभर लांब, जाड प्लायची, खालच्या टोकाला फळी अडकेल अशी खाच आणि वर मूठ. दोन करा, एक तुटली की दुसरी हाताशी असेल. मालकांना भेटून विचारा की मशीनवर झाकण आणि मागचं पान आहे का. नसेल तर ते बसेपर्यंत मुलाला रंधा आणि पटाशीचं काम द्या म्हणावं. शिकायला तेही कमी नाही. ते ऐकत नसतील तर मला पुन्हा लिहा, चांगल्या ठिकाणी त्याची सोय करायचा मी प्रयत्न करीन.